रिकाम्या भिंतींचा वर्ग

सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर या उपनगरातील एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर मेंदूला इजा झालेल्या मुलांसाठी एक अध्यापन वर्ग चालतो. फाटकावर ‘विशेष अध्यापन वर्ग’ अशी हातभर लांबीची पाटी आहे. त्याखेरीज कोठेही जाहिरात नाही. माझा नातू गेले १७ महिने या वर्गात जातो. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षे शिकवले असल्यामुळे या वर्गाकडे आजी म्हणून जितके पाहिले तितकेच शिक्षिका म्हणूनही पाहिले. त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ज्या पालकांना अशा वर्गाची खरी गरज असते त्यांना तो प्रथम पाहताच परत फिरावेसे वाटते.

तसे वाटण्याचे कारण खोलीतच आहे. भिंती फिकट राखाडी रंगाच्या आणि पूर्ण कोऱ्या आहेत. मुळाक्षरांचा तक्ता नाही, फळाफुलांची चित्रे नाहीत, घड्याळसुद्धा नाही. खिडक्यांच्या काचांना आतून दुधी कागद चिकटवलेला आहे. त्यातून उजेड येतो, पण रस्ता दिसत नाही. आठ मुलांची आठ बाके आहेत, त्यांतली बहुतेक भिंतीकडे तोंड करून मांडलेली आहेत आणि दर दोन बाकांच्या मध्ये प्लायवूडचा आडोसा आहे. मी माझ्या नोकरीच्या काळात शाळाशाळांत ‘बोलक्या भिंती’ रंगवून घेतल्या, व्हरांड्याच्या खांबांवर पाढे आणि पायऱ्यांवर बाराखडी लिहून घेतली. त्यामुळे ही खोली पाहून, या मुलांना शिक्षा म्हणून तर बसवलेले नाही ना, अशी शंका माझ्या मनात आली. सूनबाईला आणखी एक गोष्ट खटकली. वर्गाच्या बाईंच्या हातात एकही बांगडी नव्हती, कानांत काही नव्हते आणि अंगावर बिनकाठाची एकरंगी साडी होती. आपल्याकडे अशा वेशाचा अर्थ लोक कोणता लावतात हे वेगळे सांगायला नको. सूनबाई काही बोलली नाही, परंतु बाईंनी तिची नजर ओळखली आणि टेबलाचा खण उघडून दाखवला. आत हिरव्या काचेच्या बांगड्या, कुड्या आणि मनगटी घड्याळ रुमालात गुंडाळून ठेवलेले होते. वर्ग सुटला की त्या हे सारे पुन्हा घालतात. “वही तपासताना माझा हात मुलांच्या डोळ्यांसमोरून जातो. त्या वेळी वही पाहायची की बांगड्या, हा प्रश्न त्यांच्यापुढे नको,” असे त्या म्हणाल्या.

नातवाला इजा झाली तेव्हा तो सात वर्षांचा होता. मे महिन्यात अक्कलकोट रस्त्यावर दुचाकीवरून पडून त्याच्या कपाळाला डावीकडे जबर मार लागला. तो चार दिवस बेशुद्ध होता आणि नऊ दिवस अतिदक्षता विभागात होता. जून संपेपर्यंत तो चालू-बोलू लागला, केस वाढून जखमेची खूण झाकली गेली, आणि पोर बरे झाले म्हणून आम्ही सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन अभिषेक केला. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. शाळेत तो एका जागी बसेना. बाहेरून रिक्षा गेली की उठायचा, शेजारच्या मुलाची पेन्सिल पडली की वाकायचा, नाहीतर फिरत्या पंख्याकडे एकटक पाहत राहायचा. फळ्यावरचे वहीत उतरवताना त्याची ओळ हरवायची. कधी एकच अंक ओळ संपेपर्यंत आणि मग पान संपेपर्यंत लिहीत जायचा, आणि कोणी थांबवले की पाटी भिरकावून द्यायचा. अपघाताच्या आधी हाच मुलगा दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत रस्त्याने चालत असे.

नातेवाईक म्हणाले, आजारपणात लाड फार झाले. शाळेतून सांगण्यात आले की मुलगा हट्टी झाला आहे. एका खासगी शिकवणीत त्याला रोज दाराबाहेर उभे केले जात होते, हे आम्हाला महिन्याने कळले. मेंदूच्या विकासाची हमी देणाऱ्या दुसऱ्या एका वर्गाने तीन महिन्यांची रक्कम आगाऊ घेतली आणि मोठ्या पडद्यावर भराभर बदलणारी रंगीत चित्रे दाखवली. त्यानंतर त्याची झोपच उडाली. शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांनी आम्हाला समोर बसवून समजावले की कपाळामागचा जो भाग दुखावला आहे, तो लक्ष कशावर ठेवायचे, कशावरून काढून घ्यायचे आणि सुरू केलेले काम कोठे थांबवायचे हे सांभाळतो. हात-पाय आणि बोलणे शाबूत असल्यामुळे ही इजा बाहेरून दिसत नाही, म्हणून तिचा दोष मुलाच्या स्वभावाला दिला जातो. या वर्गाचा पत्ता त्यांनीच दिला.

बाई भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेल्या विशेष शिक्षिका आहेत. वर्गाची ही मांडणी आपण कोठून घेतली, असे मी पहिल्याच आठवड्यात विचारले, तेव्हा त्यांनी मला एका इंग्रजी पुस्तकातील काही प्रकरणांच्या छायाप्रती वाचायला दिल्या. अमेरिकेत १९४७ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आल्फ्रेड स्ट्राउस या वैद्यांनी आणि लॉरा लेहटिनेन या शिक्षिकेने मिळून लिहिले आहे. शब्दकोश जवळ ठेवून मी ती प्रकरणे दोन महिने वाचली. वर्गाविषयी माझे जे मत बनले ते या वाचनाशिवाय बनले नसते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

स्ट्राउस मूळचे जर्मनीतील. १९३३ नंतर त्यांना देश सोडावा लागला आणि बार्सिलोनामार्गे ते अमेरिकेत पोहोचले. मिशिगन राज्यातील नॉर्थव्हिल येथे मंद समजल्या जाणाऱ्या मुलांची एक निवासी शाळा होती. तेथे हाइन्झ वेर्नर या मानसशास्त्रज्ञांच्या सोबतीने काम करताना त्यांच्या लक्षात आले की सरसकट मंद म्हणून एकत्र ठेवलेल्या या मुलांमध्ये काहींची चूक करण्याची रीतच निराळी आहे. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळ्या लागलेल्या सैनिकांचा अभ्यास मेंदूविकारतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइन यांनी फ्रँकफुर्टमध्ये केला होता. बारीकसारीक आवाजाने विचलित होणे, एकच कृती पुन्हापुन्हा करत राहणे आणि काम झेपेनासे झाले की एकदम कोसळून आरडाओरडा करणे, ही त्या सैनिकांत दिसलेली लक्षणे स्ट्राउस यांना या मुलांत दिसली. आमच्या नातवाने भिरकावलेल्या पाटीला या पानांमध्ये प्रथम एक कारण मिळाले. तोपर्यंत आम्ही त्याला रागावत होतो.

परंतु निदान झाल्यावर सोमवारी सकाळी वर्गात काय करायचे, हा प्रश्न वैद्यांचा नसतो. त्याचे उत्तर लेहटिनेन यांनी दिले आहे, आणि ते वाचताना प्रत्यक्ष वर्गात उभी राहिलेली बाई लिहीत आहे हे ओळीओळीतून जाणवते. वर्गात मुले मोजकी असावीत, बाके दूरदूर आणि भिंतीकडे असावीत, खिडकीतून रस्ता दिसू नये, शिक्षिकेने दागिने घालू नयेत, पुस्तकाच्या पानावरची चित्रे आणि वेलबुट्टी कापून टाकावी, एका पानावर अगदी थोडा मजकूर असावा, आणि धडा शक्य तितका हाताने करण्याच्या कामात बसवावा, असे त्या सांगतात. या मुलांना सगळेच ऐकू येते आणि सगळेच दिसते. त्यातले काय सोडून द्यायचे हे त्यांना ठरवता येत नाही, म्हणून काही काळ ते शिक्षिकेने ठरवायचे, असा त्यामागचा विचार आहे. यातील ‘काही काळ’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. मूल सावरू लागले की आडोसा काढायचा, चित्रे परत आणायची आणि त्याला नेहमीच्या वर्गात पाठवायचे, हेही त्याच प्रकरणांत स्पष्ट लिहिलेले आहे. १९४७ मध्येच विस्कॉन्सिन राज्यातील रासीन येथे या दोघांनी अशा मुलांसाठी शाळा सुरू केली. असा वर्ग चालवणारी व्यक्ती आडोसा किती चांगला उभारते याहून तो केव्हा आणि कसा काढते, यावर मी तिची पारख करेन.

आता प्रत्यक्ष अध्यापनाविषयी. पहिल्या भेटीत बाईंनी नातवापुढे कोऱ्या कागदावर काढलेला मोर ठेवला. त्याने लगेच ओळखला. मग त्यांनी त्याच्यापुढे एक सोलापुरी चादर पसरली, जिच्या मधोमध मोर विणलेला होता, आणि काय दिसते असे विचारले. तो म्हणाला, “चौकटी.” पुन्हा विचारले, तरी तो कडेच्या चौकटींवर बोट फिरवत राहिला. यंत्रमागांच्या वस्तीत जन्मलेल्या, चादरींच्या गठ्ठ्यांवर खेळलेल्या मुलाला मोर दिसला नाही, हे पाहून माझ्या पोटात कालवले. वेर्नर आणि स्ट्राउस यांनी अशीच परीक्षा चित्रांच्या कार्डांवर घेतली होती: नक्षीदार पार्श्वभूमीवर काढलेल्या वस्तू क्षणभर दाखवल्या, तर मेंदूला इजा झालेली मुले वस्तूऐवजी पार्श्वभूमीच सांगत. फळ्यावरची ओळ हरवणे, पानावरच्या दहा गणितांतले नेमके एक न सापडणे, ही सारी त्याच अडचणीची रूपे आहेत हे त्या दिवशी मला कळले. वर्गात अशी मुले माझ्याही हाताखालून गेली असतील, आणि मी त्यांना ‘लक्ष कोठे आहे तुझे’ एवढेच विचारले असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

बाईंचे खरे कसब देवनागरीच्या बाबतीत दिसते, कारण येथे इंग्रजी पुस्तकाचा उपयोग संपतो. लेहटिनेन रंगांचा वापर सुचवतात. बाईंनी तो आपल्या लिपीला लावला. काना, मात्रा, वेलांटी आणि उकार तांबडे, मूळ अक्षर काळे. सुरुवातीचे चार महिने शब्दांवरची शिरोरेषा त्यांनी अखंड ओढू दिली नाही. प्रत्येक अक्षराची रेघ सुटी ठेवली, कारण वरची लांब रेघ दिसली की नातवाचे बोट तिच्यावरून घसरत पानाच्या कडेपर्यंत जात असे. पहिली वेलांटी हा तर वेगळाच प्रश्न होता. ‘कि’ म्हणताना क आधी उच्चारला जातो आणि इ नंतर, पण लिहिलेले पाहताना वेलांटी आधी भेटते. ज्याला क्रम सांभाळणे जड जाते, त्याचा येथे पुरता गोंधळ उडतो. बाईंनी पुठ्ठ्याची अक्षरे कापून घेतली, काळा क आधी ठेवायला लावला, मग तांबडी वेलांटी उजवीकडून क च्या डोक्यावरून डावीकडे आणून बसवायला लावली. हा हाताचा प्रवास मुलाने शेकडो वेळा केला. ३१ वर्षे बाराखडी शिकवूनही मला ही युक्ती सुचली नव्हती.

वाचनासाठी काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापलेली असते. पुठ्ठा पानावर ठेवायचा, खिडकीत दिसेल तेवढेच वाचायचे आणि मग खाली सरकवायचा. या साधनाला कसलाही खर्च नाही आणि कोणत्याही शाळेत ते उद्यापासून वापरता येईल.

गणितात एकक-दशकांच्या रकान्यांना उभ्या रेघा, हातच्यासाठी हिरवा चौकोन, आणि एका पानावर एकच गणित. मोजण्यासाठी चिंचोके आहेत, पण ते ढीग करून दिले जात नाहीत. दहा-दहा खड्डे असलेल्या लाकडी पट्टीत एकेक बसवावे लागतात, म्हणजे हात आपोआप थांबत जातो आणि पट्टी भरली की काम संपते. एकच कृती करत राहण्याच्या सवयीला असा शेवट घालून देणे मला फार विचारपूर्वक वाटले. आमच्या गल्लीत तेलुगू बोलणारी मुले अधिक असल्यामुळे नातू चिंचोके मोजताना मध्येच ‘मूडु, नालुगु’ म्हणू लागे. बाईंनी त्याला अडवले नाही. मात्र ज्या भाषेत सुरू केले त्याच भाषेत दहापर्यंत जायचे, एवढा नियम घातला.

पुढे आमच्याकडून एक चूक घडली. वर्गाचा गुण येऊ लागला तसे आम्ही घरही वर्गासारखे करायला निघालो. भिंतीवरचे दिनदर्शिकेपासून देवांच्या तसबिरींपर्यंत सर्व उतरवले, यजमानांचा रेडिओ बंद केला, कुकरची शिट्टी नको म्हणून सूनबाई भात पातेल्यात शिजवू लागली. शेजारच्या यंत्रमागांची खटखट बंद करणे आमच्या हातात नव्हते, म्हणून त्या बाजूची खिडकी कायमची लावून घेतली. तीन आठवड्यांत घरात कोणी कोणाशी मोकळेपणाने बोलेनासे झाले आणि पोर अधिकच चिडके झाले. बाईंना हे कळले तेव्हा त्यांनी मला स्पष्ट शब्दांत सांगितले, “आजी, अभ्यासाची वीस मिनिटे आणि अभ्यासाचा एक कोपरा, एवढेच माझे आहे. घर घरच राहू द्या.” त्यांचे म्हणणे योग्य होते, परंतु हे त्यांनी प्रवेशाच्या दिवशी सांगायला हवे होते. घरी काय करावे आणि काय करू नये याचा एक लेखी कागद पालकांना पहिल्याच दिवशी मिळाला, तर पुष्कळ घरांचा त्रास वाचेल. मी तशी सूचना केली आहे. अजून तो कागद झालेला नाही.

ही पद्धत पाऊणशे वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यावर पुढे जे आक्षेप आले ते लपवून तिची स्तुती करणे मला प्रामाणिक वाटत नाही. विशेष शिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक विल्यम क्रुकशँक यांनी मेरिलँड राज्यातील माँटगोमेरी काउंटीमध्ये ४० मुलांवर अशा वर्गांचा प्रयोग केला आणि त्याचा वृत्तान्त १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाअखेरीस दिसलेला फायदा पुढील वर्षी टिकला नाही. आडोशांवर नंतर झालेल्या अभ्यासांतूनही असे दिसले की आडोशामुळे मूल कामाकडे अधिक वेळ पाहते, पण केवळ तेवढ्याने त्याचे वाचन किंवा गणित सुधारत नाही. दुसरा आक्षेप असा की स्ट्राउस यांनी वागण्याच्या लक्षणांवरून इजेचे अनुमान काढले, आणि ज्यांच्या मेंदूला इजा झाल्याचा काहीही पुरावा नव्हता अशा मुलांनाही तो शिक्का बसला. १९६३ मध्ये शिकागो येथील पालकांच्या परिषदेत मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल कर्क यांनी अशा शिक्क्यांऐवजी ‘अध्ययन अक्षमता’ हा शब्द पुढे केला, तेव्हा पालकांनी तो उचलून धरला. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांमध्ये ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आहे, तिची मुळे अशी स्ट्राउस आणि लेहटिनेन यांच्या त्या मुलांपर्यंत पोहोचतात.

हे आक्षेप मी बाईंपुढे ठेवले. त्यांना ते ठाऊक होते. त्या म्हणाल्या, “आडोसा शिकवत नाही, शिकवावे मलाच लागते. आडोसा मला शिकवायला जागा करून देतो.” त्या ही पद्धत सर्वांना सारखी लावत नाहीत, हेही मी पाहिले आहे. मेंदुज्वरानंतर मंदावलेली, सतत पेंगणारी एक मुलगी वर्गात आहे; तिचे बाक आडोशात नाही, ते दाराजवळ मोकळ्या जागी आहे आणि तिच्यापुढे लाल-पिवळ्या रंगांचे साहित्य असते, कारण तिला जागे करावे लागते. डॉक्टरांच्या कागदांवरून कोणाच्या मेंदूला खरोखर इजा झाली आहे हे पाहूनच त्या प्रवेश देतात. केवळ दंगेखोर आहे म्हणून आणलेल्या एका मुलाला त्यांनी माझ्या देखत परत पाठवले आणि त्याच्या आईला, त्याला खेळायला मैदान द्या, असे सांगितले.

आता ज्यावर पारख करायची असे मी म्हटले, त्याविषयी. वर्गाच्या प्रत्येक खिडकीवरचा दुधी कागद चार आडव्या पट्ट्यांत लावलेला आहे. नातवाच्या बाकाजवळच्या खिडकीची वरची पट्टी सहाव्या महिन्यात निघाली. आकाश आणि विजेच्या तारा दिसू लागल्या. नवव्या महिन्यात दुसरी निघाली. तिसरी काढल्यावर त्याला रस्त्यावरच्या दुचाक्या दिसू लागल्या आणि चार दिवसांत त्याची लिहिण्याची गती निम्म्यावर आली, तेव्हा बाईंनी कोणताही संकोच न बाळगता ती पट्टी पुन्हा लावली आणि सहा आठवड्यांनी परत काढली. बांगड्यांचेही असेच झाले. दहाव्या महिन्यापासून नातवाच्या बाकाशी येताना बाई एक बांगडी घालून येऊ लागल्या, मग दोन, मग चार. त्याने पहिल्या दिवशी ती बांगडी धरून फिरवली, दुसऱ्या दिवशी तिच्याकडे पाहिले, आणि पुढच्या आठवड्यात पाहणेही सोडले. प्रत्येक बदलाची तारीख आणि त्या दिवशी त्याने किती मिनिटे सलग काम केले, हे बाई एका वहीत लिहून ठेवतात. प्रवेशाच्या वेळी हा आकडा तीन मिनिटे होता. या महिन्यात तो अठरा आहे. फेब्रुवारीपासून त्याचे बाक भिंतीकडे नाही, खोलीकडे तोंड करून आहे.

वर्गाबाहेरचा एक प्रसंग सांगते. पहिल्या वर्षीच्या जानेवारीत आम्ही त्याला सिद्धेश्वराच्या यात्रेला नेण्याचा आग्रह धरला होता. होम मैदानावर भरणाऱ्या जत्रेत, म्हणजे गड्ड्यात, पाळणे, कर्णे आणि गर्दी यांत तो पाच मिनिटांत जमिनीवर आडवा पडून किंचाळू लागला, आणि लोक भोवती जमले. या वर्षी बाईंनी वेगळे सुचवले. गड्ड्यात न्यायचे नाही. मिरवणुकीच्या वाटेवर कोणाची गच्ची असेल तेथे न्यायचे, वीस मिनिटांपेक्षा अधिक थांबायचे नाही, आणि त्याला एकच काम द्यायचे: नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, मोजायचे. आमच्या एका नातेवाइकांच्या गच्चीवर त्याला कठड्याशी उभे केले. खाली हलग्या वाजत होत्या, माणसांचा पूर होता, पांढऱ्या बाराबंद्या आणि फेटे पुढे सरकत होते. त्याने कान दोन्ही हातांनी झाकून घेतले होते, पण डोळे उंच काठ्यांवर होते. शेवटची काठी पुढे गेल्यावर त्याने कानांवरचे हात काढले आणि माझ्याकडे वळून “सात” म्हणाला.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. वर्ग वरच्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद आहे, उद्वाहक नाही. मेंदूला इजा झालेल्या मुलांपैकी काहींचा एक हात-पाय कमजोर असतो, आणि अशा एका मुलाला त्याचे वडील रोज पाठीवर घेऊन चढतात. या मुलांसाठीच असलेल्या वर्गात हे असू नये. भौतिकोपचाराची आणि वाचोपचाराची सोय येथे नाही, ती वेगळी शोधावी लागते. वर्गात एकट्या बाईच शिकवतात. त्या गेल्या पावसाळ्यात आजारी पडल्या तेव्हा वर्ग १२ दिवस बंद होता, आणि दिवाळीला व मे महिन्यात पूर्ण सुटी असते. ज्या मुलांची घडी इतक्या कष्टाने बसवलेली असते त्यांच्यासाठी एवढी सलग सुटी मला फार वाटते. मे महिन्यात निदान आठवड्यातून दोन दिवस तरी वर्ग भरावा. थांबणाऱ्या पालकांना बसायला जागा नाही, आया जिन्याच्या पायऱ्यांवर बसतात. प्रगतीची वही बाई मागितल्यावर लगेच दाखवतात, पण स्वतःहून लेखी अहवाल देत नाहीत. शाळेशी बोलताना आणि प्रमाणपत्राच्या कामी अशा अहवालाची गरज पडते.

शुल्क महिन्याला ३,५०० रुपये आहे. रोज दोन तास, आठवड्यातून पाच दिवस आणि एका वेळी आठच मुले, हे पाहता ते मला अवाजवी वाटत नाही. तरी शहराच्या पूर्व भागातून जुळे सोलापूरपर्यंतचे रिक्षाभाडे धरले तर यंत्रमागावर किंवा विडीच्या कामावर पोट असणाऱ्या कुटुंबाला ते परवडणारे नाही. अशा दोन मुलांकडून बाई निम्मेच शुल्क घेतात हे मला दुसऱ्या पालकांकडून कळले. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत अशी एक खोली आणि असे एक प्रशिक्षित माणूस ठेवायला फार मोठा खर्च येणार नाही, हे माझ्या अनुभवावरून मी म्हणू शकते. राखाडी रंग, दुधी कागद आणि आठ आडोसे यांची किंमत एका वर्गाच्या बोलक्या भिंती रंगवण्यापेक्षा कमीच आहे.

नातू येत्या जूनमध्ये आपल्या जुन्या शाळेत अर्धा दिवस बसू लागेल. त्याचे पहिले बाक भिंतीलगत असावे आणि पाठीमागे दार नसावे, हे ठरवण्यासाठी बाई स्वतः शाळेत जाऊन वर्ग पाहून आल्या, आणि तेथील गुरुजींना त्यांनी काळा पुठ्ठा आणि त्यातील खिडकी दाखवली. उरलेला अर्धा दिवस तो या वर्गातच राहील. खिडकीची चौथी पट्टी अजून निघायची आहे.

जूनमध्ये वर्गात दोन जागा रिकाम्या होत आहेत. प्रवेशासाठी मुलाच्या मेंदूच्या तपासणीचे कागद, डॉक्टरांचे पत्र आणि शाळेच्या दोन वह्या, एक इजेच्या आधीची आणि एक नंतरची, घेऊन शनिवारी सकाळी जावे लागते. इतर कागदांपेक्षा बाई त्या दोन वह्याच अधिक वेळ पाहतात, त्यामुळे जुनी वही रद्दीत दिली असेल तर आधी ती शोधून काढावी.